दहा रुपयांच्या नाण्याएवढी टिचकी

आमच्या कारखान्यात एक जुनी डीसी मोटर आहे. मेंटेनन्सला लागल्यापासून तिचे कार्बन ब्रश बदलण्याचं काम माझ्याकडे. ब्रश म्हणजे कार्बनचा लहान ठोकळा; मोटरच्या फिरत्या तांब्याच्या नळकांड्यावर, म्हणजे कम्युटेटरवर, टेकून तो आत वीज पोहोचवतो. तिथे घासून तो झिजतो, आणि कितीही झिजला तरी त्याच्यावरचा दाब तेवढाच राहायला हवा. दाब कमी पडला तर ठिणग्या उडतात, जास्त झाला तर ब्रश लवकर संपतो. म्हणून त्या ब्रश होल्डरवर साधी मळसूत्री स्प्रिंग नसते. पातळ पोलादी पट्टीची घट्ट गुंडाळी असते, मापाच्या टेपसारखी, आणि ती ब्रशच्या डोक्यावर बसलेली असते. ब्रश नवा असो की अर्धा संपलेला, गुंडाळी सारख्याच जोराने दाबते. पंधरा वर्षं मी ती नुसती बदलत आलो. ती अशी का वागते, हे कधी मनात आलं नाही.

ते मनात यायला भिंतीवरचं एक लाकडी चाक कारण झालं. अमेरिकेत कनेटिकट राज्यात डेव्हिड रॉय नावाचे गृहस्थ १९७५ पासून लाकडाची हलती भित्तिशिल्पं बनवतात. त्यांचं शिक्षण भौतिकशास्त्राचं. मोटर नाही, बॅटरी नाही. हाताने चावी द्यायची आणि शिल्प तासन्‌तास आपलं आपण फिरत, थबकत, उलटं वळत राहतं. त्यांच्या एका शिल्पाचा व्हिडिओ पाहिला त्या रात्री मला झोप लागली नाही. सौंदर्यामुळे वगैरे नाही. हे तासन्‌तास चालतं कसं, हा हिशेब डोक्यात बसेना म्हणून.

(जाता जाता सांगतो: हवेत तरंगणारी 'मोबाइल' शिल्पं करणारा अलेक्झांडर काल्डर मुळात मेकॅनिकल इंजिनिअर होता, आणि १९५५ साली अहमदाबादेत साराभाईंकडे राहून त्याने तिथेच शिल्पं केली होती. हे कळल्यावर आपणही एक करून पाहायला हरकत नाही, असं मी घरात जाहीर केलं. आई म्हणाली, "आधी बाथरूमचा नळ कर.")

पहिला प्रयोग सरळ आणि चुकीचा होता. पुण्याच्या जुन्या बाजारातून मोडक्या भिंतीवरच्या घड्याळाची मुख्य स्प्रिंग आणली. ६२ सेंटिमीटरचं चाक, मागे दातेरी चक्र, चावी. चावी दिल्यावर चाक असं सुसाट सुटलं, की मुलगी टाळ्या वाजवायला लागली. तिसऱ्या मिनिटाला ते नीट चाललं. आठव्या मिनिटाला रेंगाळायला लागलं आणि अकराव्याला थांबलं. स्प्रिंगमध्ये अजून चावी शिल्लक होती, पण तिच्यात चाक ढकलण्याइतका जीव नव्हता. घड्याळाची स्प्रिंग भरलेली असताना जोरात ढकलते आणि उलगडत जाते तशी मऊ पडत जाते. जुन्या घड्याळजींनी यावर शंकूच्या आकाराची चाती काढली होती: स्प्रिंग जोरात असताना साखळी लहान व्यासावरून ओढायची, दमली की मोठ्या व्यासावरून. डोकेबाज युक्ती आहे, पण तो शंकू लाकडात कोरून घेण्यात माझे दोन रविवार गेले आणि हाती काही लागलं नाही.

तिसऱ्या रविवारी ब्रश होल्डर आठवला.

ही पट्टी मुळातच घट्ट गुंडाळीच्या आकारात घडवलेली असते. ओढून बाहेर काढली तर जोर लागतो तो फक्त गुंडाळीतून सुटणाऱ्या त्या बोटभर तुकड्याला सरळ करायला. आधी बाहेर आलेला भाग सरळ झालेलाच असतो, त्याला नव्याने काही करावं लागत नाही. म्हणून दहा सेंटिमीटर ओढा नाहीतर चार मीटर, जोर सारखाच लागतो. आणि पट्टीचं टोक एका मोठ्या ड्रमला बांधून त्याच्यावर उलटी गुंडाळली, तर ती परत आपल्या लहान गुंडाळीत जायला धडपडते आणि जाता जाता ड्रम फिरवते. सुरुवातीला जेवढ्या जोराने, तेवढ्याच जोराने शेवटपर्यंत.

ब्रशवरची स्प्रिंग माझ्या कामाला फारच लहान होती. एका स्प्रिंगवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "दोनशे नगांच्या खाली सेटिंगच लावत नाही." मी माझ्या चाकाचा फोटो दाखवला. त्याने तो बराच वेळ पाहिला आणि आत जाऊन रिजेक्शनच्या पेटीतून दोन गुंडाळ्या आणून दिल्या. २५ मिलिमीटर रुंद, ०.२ मिलिमीटर जाड, स्टेनलेस. "कडेला बर आहे, कापल्यावर राहते ती धारदार कोर, म्हणून गिऱ्हाईकाने परत केल्या. हात सांभाळा." पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला. जाडी नीट मोजून घ्या, हेही त्यानेच सांगितलं, कारण जोर जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. ०.२ ऐवजी ०.२५ ची पट्टी आली तर जोर जवळजवळ दुप्पट.

हात सांभाळा, हे मी ऐकलं आणि विसरलो. पट्टी ड्रमवर उलटी गुंडाळताना टोकाचा स्क्रू सुटला. साडेचार मीटर पट्टी एका झटक्यात आपल्या गुंडाळीत परतली, आणि जाताना अंगठ्याच्या मुळाशी सरळ, स्वच्छ रेघ ओढून गेली. दुखलं नंतर; आधी नुसतं रक्त दिसलं. चार टाके. तेव्हापासून चामड्याचे हातमोजे घातल्याशिवाय मी त्या ड्रमला हात लावत नाही आणि टोकाला एकाऐवजी दोन स्क्रू आणि रिव्हेट आहे.

आता हिशेब. ड्रमवर दोरी गुंडाळून ताणकाटा लावला तर १.२ किलो दाखवत होता, आणि पट्टी साडेचार मीटर. म्हणजे एका चावीत साठवलेली ऊर्जा किती? १.२ किलोचं वजन साडेचार मीटर, म्हणजे दीड मजला, वर उचलण्याइतकी. साधारण ५३ ज्यूल. मोबाइलच्या बॅटरीत ७० हजार ज्यूलच्या आसपास मावतात. मला शिल्प सकाळपासून संध्याकाळपर्यंत, नऊ तास चालवायचं होतं. ५३ ज्यूल नऊ तासांत वाटले तर येतात १.६ मिलिवॉट. साधा लाल एलईडी पूर्ण उजेडात पेटवायला ४० मिलिवॉट लागतात. त्याच्या पंचविसाव्या हिश्शात मला ६४० ग्रॅमचं चाक हलतं ठेवायचं होतं.

हा आकडा मी पाटीवर लिहून वर्कबेंचवर टांगला. पुढची सगळी भांडणं त्या आकड्याशी झाली.

रचना अशी ठरली. मागे भिंतीला पक्की बसवलेली एक गोल जाळी, तिला २४ आरे. तिच्यापुढे आठ मिलिमीटर अंतर सोडून फिरणारं चाक, त्याला २२ आरे. दोन जाळ्या एकावर एक आल्या की कुठे आरे आऱ्यांवर बसतात, कुठे फटींवर, आणि त्यातून गडद-फिकट अशा दोन मोठ्या सावल्या तयार होतात. चाक थोडं फिरलं तरी सावली बावीस भागिले दोन, म्हणजे अकरा पट फिरते, आणि पुढच्या चाकाला आरे कमी असतील तर उलट्या दिशेने. चाक उजवीकडे हळूच सरकतंय आणि सावली डावीकडे पळतेय, हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी बायकोला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. हात पिठाचे होते तिचे. तिने पाहिलं आणि म्हणाली, "हे मोठं चाक फिरवायचंच कशाला मग? थोडंसं हललं तरी पुरे की." पंधरा दिवस मी जे कागदावर शोधत होतो ते हेच होतं.

म्हणून चाक गोल गोल फिरवायचं नाही, झुलवायचं. खालच्या कडेला दहा ग्रॅमचा पितळी नट लावला. चाक बाकी सगळीकडे समतोल असेल तर तेवढ्या वजनाने ते लंबकासारखं झुलतं, आणि एक झोका सात सेकंदांचा होतो. "बाकी सगळीकडे समतोल" हे तीन शब्द लिहायला सोपे आहेत. प्लायच्या थरात एक जागा जरा जड असते, कुठे डिंक जास्त असतो. चाक शाफ्टवर ठेवायचं, जी बाजू खाली येईल तिच्या समोर मेणाचा गोळा चिकटवायचा, परत सोडायचं. गोळा मुगाच्या दाण्याएवढा झाला तरी चाक त्याला ओळखतं. दोन संध्याकाळी यात गेल्या. शेवटी चाक जिथे सोडाल तिथे थांबायला लागलं, आणि मग तो पितळी नट लावताना मला जरा वाईटच वाटलं.

लाकूड बर्च प्लाय, सहा मिलिमीटर. आपल्याकडच्या साध्या प्लायमध्ये आतल्या थरात पोकळ्या निघतात आणि बारीक आरा नेमका तिथे मोडतो. बर्च महाग पडतो, पण सलग असतो. दातेरी चक्रं लेझरवाल्याकडून कापून आणली. लेझरने जळलेल्या कडेची काजळी दातांवर राहिली तर घर्षण वाढतं, म्हणून जुन्या टूथब्रशने एकेक दात घासला. ४८ दात, त्याच्यापुढे आठ पोलादी काड्यांची पिंजऱ्यासारखी पिनियन, म्हणजे लहान चक्र. ड्रम एक फेरा घेतो तेव्हा पिनियन सहा. पिनियनच्या शाफ्टवर आठ हातांचा पंखा, आणि त्याचा एकेक हात चाकाला एकेक टिचकी मारतो.

ड्रमचे १४ फेरे, गुणिले सहा, गुणिले आठ: एका चावीत ६७२ टिचक्या. प्रत्येक टिचकी ०.०८ ज्यूलची. दहा रुपयांचं नाणं एक मीटर उंचीवरून पडतं तेव्हा त्याच्यात जेवढी ताकद असते तेवढी.

पहिली जुळणी अशी होती की चाक प्रत्येक झोक्याला परत येताना एक खटका सोडवायचं आणि टिचकी घ्यायचं. ६७२ टिचक्या, दर सात सेकंदांनी एक. हिशेबाने ७८ मिनिटं. घड्याळाने ८१ भरली, आणि मी खूश झालो. म्हटलं, आता घर्षण कमी करत जाऊ, वेळ वाढत जाईल.

६०८ नंबरची बेअरिंग होती, दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेली. सील उचकटून काढली, बेअरिंग पेट्रोलमध्ये धुतली. आतलं ग्रीस पिवळट लोण्यासारखं सुटून आलं. वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. आधी बोटाने फिरवल्यावर चार-पाच फेऱ्यांत थांबणारी बेअरिंग आता मिनिटभर कुजबुजत फिरत राहिली. जोडणी केली, चावी दिली, घड्याळ लावलं.

८२ मिनिटं.

मला वाटलं मोजण्यात चूक झाली. परत केलं. तेच. शिवाय चाक आता इतकं मोठं झुलायला लागलं, की एका टिचकीला ते वरून पार उलटं फिरून गेलं, खटक्याला मागच्या बाजूने धडकलं आणि अडकून बसलं. खटक्याचा पितळी पत्रा वाकला.

कारखान्यातल्या आमच्या टर्नर काकांना मी हे डबा खाताना सांगितलं. काकांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "टिचक्या किती?" ६७२. "किती वेळानं एक?" सात सेकंदांनी. "मग वेळ कुठून वाढणार रे? तू बेअरिंग धुतलीस, चाकाला गरज कमी झाली. पण तू वाढायचं थांबवलंस का? पोट भरलंय त्याचं, आणि तू ताटात घालतोच आहेस. वांती करणारच ते."

इतकं सरळ होतं. घर्षण कमी केल्याने वाचलेली ताकद झोका मोठा करण्यात जात होती. चाकाला भूक लागली की नाही हे बघून टिचकी द्यायची सोयच मी ठेवली नव्हती.

ही सोय एकोणिसाव्या शतकात मॅथियस हिप नावाच्या घड्याळजीने विजेच्या घड्याळांसाठी करून ठेवलेली आहे. लंबकाला एक छोटी, सैल लोंबणारी जीभ लावायची. तिच्या वाटेत खाच असलेला एक ठोकळा. लंबक मोठा झुलत असेल तर जीभ ठोकळ्यावरून घसरत पार पलीकडे जाते आणि परत येताना तशीच घसरत येते, काही होत नाही. झोका लहान होत होत असा एक झोका येतो, की जीभ ठोकळा पूर्ण ओलांडूच शकत नाही. ती वरच राहते, आणि लंबक परत फिरताना खाचेत अडकून ठोकळा खाली दाबते. तेवढ्यात काम होतं. हिपच्या घड्याळात त्या दाबाने विजेचा संपर्क जुळायचा. माझ्याकडे पंख्याचा खटका सुटतो. मग पुढचे कितीतरी झोके जीभ पुन्हा नुसती घसरत राहते.

जीभ मी कटरच्या पात्याच्या तुकड्याची केली, ठोकळा पितळेचा. खाचेचा कोन तीनदा बदलावा लागला. उतार जास्त झाला की जीभ न अडकता निसटायची आणि चाक मरून जायचं. उभी केली की अडकून सुटायचीच नाही. शेवटचा कोन मी मोजला नाही. कानस मारत, लावून बघत, परत कानस मारत आला तो आला. भिंगातून पाहिलं तर जीभ खाचेत टेकताना अगदी किंचित थरथरते आणि मग एकदम बसते. टक्.

पहिल्याच चावीत ५ तास ४० मिनिटं.

त्यानंतर वाचवलेलं प्रत्येक कणभर घर्षण वेळेत दिसायला लागलं. आठ मिलिमीटरचा शाफ्ट पाच मिलिमीटरचा केला, त्याला लहान बेअरिंग, तीही धुतलेली. आऱ्यांच्या कडा गोल घासल्या, कारण त्या हवा कापतात. दोन टिचक्यांमधलं अंतर तीस सेकंदांवरून पन्नासच्या जवळ गेलं आणि चावी ९ तास १० मिनिटं पुरली. त्या संध्याकाळी घरात मी सोडून कोणी जागं नव्हतं असं लिहायला आवडलं असतं, पण सव्वापाचच वाजले होते आणि मुलगी समोर बसून चिवडा खात होती. "थांबलं," एवढंच ती म्हणाली.

मग जुलै आला. एका सकाळी चाक घासायला लागलं, खर्र खर्र असा आवाज. काढून टेबलावर पालथं ठेवलं तर ताटासारखं खोलगट झालेलं. चूक माझीच. दिसणाऱ्या बाजूला तीन हात पॉलिश दिलं होतं, मागची बाजू कोरी ठेवली होती. कोऱ्या बाजूने दमट हवेतलं पाणी पिऊन ती फुगली, पुढची बाजू होती तशी राहिली. नवं चाक कापून घेतलं आणि दोन्ही बाजूंना सारखेच हात दिले. आमच्या सुतार मिस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले, "दाराला पण दोन्हीकडून लावतो की आपण." खरंच आहे. मला मागची बाजू कोणाला दिसत नाही म्हणून कंटाळा आला होता.

घरातल्या पंख्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. छताचा पंखा चार नंबरवर असला की त्याच्या वाऱ्याने चाक एका बाजूला कलून राहतं, किंवा वाराच त्याला झुलवत ठेवतो आणि टिचकीची गरजच पडत नाही. १.६ मिलिवॉटच्या यंत्रापुढे पंख्याचा वारा म्हणजे वादळ. मे महिन्यात दिवाणखान्याचा पंखा बंद ठेवा असं सांगायची हिंमत मी केली, एकदाच. आता शिल्प जिन्याच्या भिंतीवर आहे. तिथे वारा येत नाही, आणि पाहुणेही फारसे थांबत नाहीत. पण वर-खाली करताना घरातला प्रत्येक जण एक पायरी हळू होतो.

ही पट्टी-स्प्रिंग अमर नसते. पुन्हा पुन्हा वाकून तिला बारीक तडे जातात, आणि किती चाव्यांनंतर ते जाड-पातळ पट्टी आणि ड्रमच्या व्यासावर ठरतं. दुसरी रिजेक्शनची गुंडाळी तेलाच्या कागदात बांधून कपाटात ठेवली आहे. चावी देण्याचं काम मुलीकडे गेलंय. १४ फेरे ती मोठ्याने मोजते, हातमोजा तिला कोपरापर्यंत येतो, आणि वहीत नोंद तिच्या अक्षरात असते. कालची: "सकाळी ७.५०. थांबलं ५.१२. आजीने धक्का दिला, म्हणून मोजायचं नाही."